पोटात पिना गंजत नाहीत, मावशी

रविवारी सकाळी मालवणहून मावशीचा फोन आला. "माका ता दुर्बिणीचा नको गो. पोटात पिनो गंजतत म्हणे. उघडूनच करूक सांग." तिच्या पित्ताशयात खडे आहेत. उन्हाळ्यापासून दोनदा मध्यरात्री रिक्षा बोलावून दवाखाना गाठून झालाय. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती तिने परस्पर रद्द केली आणि मग मला कळवलं. मला, म्हणजे सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या भाचीला. माझ्याआधी तिने भजनी मंडळाच्या ग्रुपवर विश्वास ठेवला, हे मला अजून पचलेलं नाही.

तो मेसेज मागवून घेतला. वर तीन लाल त्रिकोण, खाली "दहा जणांना पाठवा". मधला मजकूर थोडक्यात असा: दुर्बिणीतून आत टाके घालताच येत नाहीत, म्हणून डॉक्टर स्टेपलरने लोखंडी पिना मारतात. खारं खाल्लं की त्या गंजतात, कोकणातल्या माणसाच्या तर हमखास. एमआरआय केला तर मशीन त्या पोट फाडून ओढून घेतं. विरघळणारा दोरा जनावराच्या आतड्याचा असतो आणि आत कुजतो. अमेरिकेच्या सरकारनेच स्टेपलरमुळे शेकडो माणसं मेल्याचं कबूल केलंय. सुयासुद्धा आत राहतात. सबब, उघडूनच करा.

गंजाचं आधी घेते, कारण आपल्याकडे तेच चटकन पटतं. खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटची कडी; दोन पावसाळे गेले की पोपडे सुटतात. मग पोटात काय होत असेल, असं मावशीच्या मनात येणारच. पण त्या क्लिपा लोखंडाच्या नसतातच. पित्ताशय काढताना त्याची नळी आणि त्याची रक्तवाहिनी अशा दोन गोष्टी बंद कराव्या लागतात. त्यांवर बसणाऱ्या क्लिपा टायटॅनियमच्या असतात, काही ठिकाणी प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो आणि तोच पुढे धातूला सांभाळतो. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं, सलाइनच्या बाटलीत ०.९ टक्के, आपल्या रक्ताशी जुळणारं. आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेत 'मत्स्य ६०००' नावाचं जे यान तयार होतंय, ६,००० मीटर खोल जाण्यासाठी, त्यात माणसं बसणार आहेत तो गोळा टायटॅनियमच्याच मिश्रधातूचा आहे. ज्या धातूवर माणसांना समुद्राच्या तळाला पाठवायचं, तो मावशीच्या सुक्या बांगड्याने गंजणार!

तरी शब्दांवर तिचा विश्वास बसेना. मग एका केसमध्ये उरलेली, टाकून द्यायची एक क्लिप डबीत घालून मालवणला गेले. क्लिप तांदळाच्या दाण्याएवढी, इंग्रजी व्हीसारखी उघडी. काकांनी जुन्या स्पीकरचं चुंबक काढून ओटीवर ठेवलं. आधी त्यांचा गंजलेला गळ जवळ नेला, तो टक्कन चिकटला. मग क्लिप. ती चुंबकावर नुसती पडून राहिली, चुंबक कलतं केलं तशी घरंगळून चटईवर गेली आणि पाच मिनिटं सगळं घर ती शोधत होतं.

एमआरआयचं उत्तर इथेच मिळालं. या भीतीला कधीतरी आधार होता, तेवढं मान्य. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर पूर्वी बसवायच्या काही क्लिपा चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या होत्या आणि त्यांनी खरोखर घात केलेला आहे. पोटातल्या टायटॅनियमच्या क्लिपांचं तसं नाही. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं आणि एमआरआयच्या माणसाला आधी सांगायचं, झालं.

आता "टाके घालताच येत नाहीत". हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण दुर्बिणीतून टाका घालणं हे मी रोज चार हातांच्या अंतरावरून बघते. सुई धरायचं अवजार साधारण एक फूट लांब आणि ५ मिलिमीटर जाड. सुई नळीतून आत नेताना सुईला धरत नाहीत, सुईच्या जरा मागे दोऱ्याला धरतात, म्हणजे ती लोंबकळत सरळ आत उतरते. दोरा मी आधीच वीतभर किंवा त्याहून कमी कापून देते. लांब ठेवला तर आत जाळ्यासारखा गुंता. पोटाच्या भिंतीशी अवजार टेकलेलं असतं, म्हणून हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. वल्हं मारणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, काकांना एका वाक्यात कळलं. त्यात समोर सपाट टीव्ही, काय किती खोल आहे ते कळत नाही. अशात दोऱ्याचे दोन वेढे, मग उलट एक, मग परत सुलट एक, अशी गाठ बसवायची. नवीन डॉक्टर प्लॅस्टिकच्या खोक्यात रबराचे तुकडे शिवत महिनोन् महिने बसतात. गर्भाशय काढल्यावर योनिमार्गाचं आतलं तोंड असंच शिवतात. आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं त्याला ३० वर्षं उलटून गेली, १९९० साली.

हां, मावशीच्या ऑपरेशनात आत टाका बहुधा नसेल, क्लिपांवरच भागतं. मेसेजवाल्याला एवढं तरी श्रेय देऊन टाकते.

स्टेपलर ही वेगळी वस्तू, आणि पित्ताशयात सहसा तो लागतच नाही. आतडं, जठर, फुप्फुस अशा ठिकाणी लागतो. ऑफिसातला स्टेपलर पिन सपाट दाबतो, इथली टाचणी वळून इंग्रजी बी अक्षरासारखी होते, म्हणजे मधल्या बारीक वाहिन्यांतून रक्त खेळतं राहतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी बसतात आणि मधून पातं फिरतं. मांस किती जाड त्यावर काडतूस, म्हणजे स्टेपलरमध्ये बसवायची टाचण्यांची डबी, ठरतं. आमच्याकडे पांढरं म्हणजे २.५ मिलिमीटरच्या टाचण्या, निळं म्हणजे ३.५, हिरवं ४.८. सर्जनने रंग सांगितला की मी मोठ्याने परत म्हणते आणि मगच देते, कारण चुकीचा रंग म्हणजे गळती.

म्हणून अमेरिकेच्या मुद्द्यावर मी मेसेजला सरळ खोटं म्हणू शकत नाही, आणि याचा मला त्रास होतो. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये डॉक्टरांना पत्र काढलं होतं. जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरबद्दल ४१,००० हून जास्त तक्रारी आल्या, त्यांत ३६६ मृत्यूंच्या. आकडा लहान नाही. पण पत्र पुढेही वाचावं. तक्रारी होत्या त्या स्टेपलर नीट न चालल्याच्या, टाचण्या नीट न वळल्याच्या, शिवण उघडल्याच्या. जाडी बघून काडतूस निवडा, असं त्यात बजावलं आहे. गंजाचं नाव नाही. त्यांनी स्टेपलर बंद केले नाहीत, २०२१ मध्ये त्यांच्यावरचे नियम कडक केले. आणि मेसेजने सोयीस्कर गाळलेली गोष्ट: हेच स्टेपलर पोट उघडून केलेल्या ऑपरेशनातही चालतात. पहिला स्टेपलर हंगेरीत १९०८ साली आला, तेव्हा दुर्बिणीने ऑपरेशन कुठे होतं? तेव्हा "उघडूनच करा" म्हटल्याने स्टेपलर टळतो असं नाही. मावशीला मिळणार होता बरगडीखाली चार-सहा इंचांचा काप, जास्त दुखणं आणि जास्त दिवस खाट.

सर्जनला आत धड दिसेना तर तो स्वतःच दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो, ते वेगळं. क्लिप क्वचित सरकते, तेही खरं. पण ऑपरेशन टाळून आत तसाच ठेवलेला खडा जास्त वेळा सरकतो. तो पित्तनलिकेत अडकला की कावीळ, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतणारं. तारीख रद्द करताना हे तिला कोणी सांगितलं नाही.

आतड्याचा दोरा: कॅटगट हा दोरा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून करतात, हो. पण आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम दोरा असतो, तो पाण्याशी अभिक्रिया होऊन साधारण ५६ ते ७० दिवसांत विरून जातो. कुजत नाही. मावशीचा सोवळ्याचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना आधी विचारता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिल्या सुया. असं कधी होतच नाही असं म्हणणार नाही. पण सुया पोलादाच्या, म्हणून त्या चुंबकाच्या पट्टीवर ओळीने लावतो. सुरुवातीला मोजतो, बंद करण्याआधी मोजतो, शेवटी परत मोजतो, आणि फळ्यावर लिहितो. एकदा एक कमी भरली. सर्जन हातमोजे घालून तसेच उभे, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतायत, आणि मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपतेय. वीस मिनिटांनी सुई वॉर्डबॉयच्या चपलेच्या तळाला मिळाली. तोवर कोणी पोट बंद केलं नाही.

मावशीला नवी तारीख मिळाली आहे, पुढच्या गुरुवारची. काकांनी चुंबक परत स्पीकरला लावलं नाही. शेजारणींना दाखवायला ठेवलंय म्हणाले, क्लिप मात्र मी घेऊन आले.