नगरसेवक नव्हता तेव्हाची गोष्ट

मार्च २०२२ मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली तेव्हा मी इथेच लिहिलं होतं, 'बरं झालं, कटकट गेली.' लाइक्स धो धो आले. 'सगळे चोर' म्हणायला आपल्याला फार आवडतं, मीही त्यातलाच.

त्याच पावसाळ्यात सोसायटीमागचा नाला तुंबला. पूर्वी असं झालं की आम्ही चार-पाच जण रात्री अकरालाही नगरसेवकाचं दार वाजवायचो. माणूस काही संत नव्हता. टेंडरं कुणाच्या मेव्हण्याला जातात हे टपरीवरच्या पोरालाही ठाऊक होतं. पण बनियनवर बाहेर यायचा, मुकादमाला फोन लावायचा. मतं मागायला त्याला आमचाच जिना चढायचा होता ना! आता दार कुणाचं वाजवणार? ॲपवर तक्रार टाकली. तीन दिवसांनी मेसेज: 'तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' नाला होता तसाच.

मुंबईचं बघा. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रभाग २२७ चे २३६ झाले, सरकार बदललं तसे परत २२७. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. इथे जवळजवळ चार वर्षं गेली. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर. मांडणारं प्रशासन, मंजूर करणारा प्रशासक! स्थायी समितीत निदान आरडाओरडा तरी व्हायचा, आपण टीव्हीवर बघून हसायचो. त्या काळात सभागृहालाच कुलूप. आणि आयुक्तांची नेमणूक नि बदली राज्य सरकारच्या हातात, मग सही करताना ते कुणाकडे बघणार, तुमच्या-माझ्याकडे?

म्हणजे गेले कोण, तर आपल्या हाताला लागणारे. वरचे होते तिथेच. आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

१५ जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं. परवा नव्या नगरसेविका आल्या होत्या. बोलत होते त्यांचे मिस्टरच (हे आणखी एक, त्यावर पुन्हा कधीतरी). महापौरांना मान आहे, गाडी आहे. कारभार आयुक्तांच्या सहीनेच चालतो, मुंबईत तर १८८८ च्या कायद्यापासून. सगळं कळतं हो. तरी जुन्या तक्रारीचा नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. मिस्टरांनी हात पुढे केला. मी चिठ्ठी बाईंच्याच हातात दिली.