टॅक्सी म्हणजे सार्वजनिक वाहन नाही म्हणे

आज सकाळी दादरला गाडी बदलताना विमा कंपनीचा मेल आला. क्लेम नामंजूर. कारण एका ओळीचं: आपण भाड्याच्या टॅक्सीने विमानतळावर येत होता, टॅक्सी आमच्या व्याख्येत सार्वजनिक वाहन नाही, सबब विमान चुकल्याची भरपाई देय नाही. प्लॅटफॉर्मवर उभी राहून दोनदा वाचलं. काळी-पिवळी, मीटरवाली, लालबागच्या स्टँडवरची टॅक्सी. ती सार्वजनिक नाही तर कोणाची आहे मग?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. जुलैतल्या एका शनिवारी आई आणि मी बंगलोरला निघालो होतो, धाकटीच्या लेकीचं बारसं होतं संध्याकाळी पाचला. विमान ११:१० चं. आईचे गुडघे गेलेत म्हणून व्हीलचेअर सांगून ठेवलेली आणि सोबत एक मोठी बॅग, तीत डिंकाचे लाडू, कुंची, वाळे आणि तीन महिने बसून तिने हाताने शिवलेली गोधडी. पाळणा आईच म्हणणार होती. आमच्याकडे कोणाचंही बारसं असो, पाळणा आईच म्हणते, ते कोणाला ठरवावं लागत नाही.

सव्वासातला घर सोडलं. जवळजवळ चार तास आधी! रात्रभर कोसळत होता, हिंदमाताला पाणी भरलंय कळल्यावर टॅक्सीवाल्या चाचांनी गाडी करी रोडवरून वरळीला काढली, सी-लिंकवरून वांद्र्याला उतरलो तेव्हा वाटलं सुटलो, आणि खेरवाडीपासून हायवे जो ठप्प तो ठप्प. वाकोला यायला सव्वा तास. आई मागे बसून काही बोलत नव्हती, फक्त बॅगेवर हात ठेवून होती. १०:२५ ला विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला पोचलो. काउंटर १०:१० ला बंद झालेला. पंधरा मिनिटं. आई त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "बाळा, नातीचं बारसं आहे ग." ती मुलगी खरंच कळवळली होती, तिच्यावर माझा राग नाही, एक तास आधी काउंटर बंद हा नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखाच.

पुढची जागा रात्री नऊला मिळाली. दोघींचे तेवीस हजार. आणि पाच वाजता माझ्या आईने टी-टूच्या खुर्चीत बसून व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हटला. मी फोन धरलेला. बाजूने ट्रॉल्या जातायत, अनाउन्समेंट चालू, मध्येच नेटवर्क गेलं की ती थांबायची आणि परत मागच्या कडव्यापासून सुरू करायची. हे मी विसरू शकत नाही, तेवीस हजार एकवेळ विसरेन.

आता इन्शुरन्स. तिकीट काढताना तो चौकोन मी स्वतः टिक केला होता, पावसाळा आहे म्हणून, माणशी २४९ रुपये. वर मोठ्या अक्षरात काय होतं? "विमान चुकल्यास संरक्षण." क्लेम टाकला तर आधी म्हणाले बोर्डिंग पासची कॉपी द्या. अहो विमान चुकलेल्या माणसाकडे बोर्डिंग पास कुठून येणार? मग म्हणाले एअरलाइनकडून नो-शो सर्टिफिकेट, म्हणजे प्रवासी विमानात चढलाच नाही याचा दाखला, आणा, ते मिळवायला तीन आठवडे. मग कॅन्सल चेक, आधार, पॅन. मग म्हणाले उशीर झाला याचं वाहन चालवणाऱ्याकडून लेखी पत्र. मला वाटलं संपलं आता, टॅक्सीवाला कुठे लिहून देतोय. पण मी स्टँडवर गेले आणि चाचांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून हिंदीत लिहून दिलं, किती वाजता निघालो, कुठे अडकलो, गाडीचा नंबर, बॅज नंबर, खाली सही. पैसे देत होते तर घेतले नाहीत, विचारलं "माँजी पहुँची के नहीं?"

आणि त्या पत्रावर उत्तर काय, तर टॅक्सी सार्वजनिक वाहन नाही. मग पत्र मागितलंत कशाला???

हो, पॉलिसीत पान १७ वर बारीक अक्षरात "वेळापत्रकानुसार चालणारं वाहन" असं लिहिलंय, आता वाचलं मी. माझी चूक, मान्य. पण मोटार वाहन कायदा १९८८ काढून बघा, मोटरकॅब ही तिथे पब्लिक सर्व्हिस व्हेइकल आहे. देशाच्या कायद्यात सार्वजनिक आणि तुमच्या पान १७ वर खाजगी? आणि गुडघे गेलेल्या बाईने भर पावसात एवढी बॅग घेऊन लोकलमध्ये चढायचं, तेव्हा कुठे तुम्ही क्लेम बघणार, असंच ना याचा अर्थ?

सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लगेच ज्ञान दिलं, "पावसाळ्यात अजून लवकर निघायचं". काका, माझी आई ही तीच बाई आहे जी २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, सायनच्या शाळेतून शेवटचं मूल घरी गेल्यावरच निघाली आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत लालबागला आली. तिला मुंबईचा पाऊस तुम्ही शिकवू नका.

बरं, २४९ रुपयांत प्रत्येक उशिरा येणाऱ्याला पैसे दिले तर कंपनी बुडेल, हेही कळतं मला. मग वर मोठ्या अक्षरात तसं लिहा. लिहा की टॅक्सीने जाणाऱ्याला काही मिळणार नाही. मी तो चौकोन टिक केला नसता, एवढंच.

दुपारपर्यंत नुसती चिडले होते, आता जरा डोकं शांत झालंय तर जे कळलं ते लिहिते, कोणाला तरी कामाला येईल. एक म्हणजे विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी टॅक्स आणि युजर डेव्हलपमेंट फी (विमानतळाचं शुल्क) एअरलाइनने परत द्यायचीच असते, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, नॉन-रिफंडेबल तिकिटालासुद्धा. आम्ही मागितले, आले. कमीच आले, पण आले. आपण मागतच नाही.

दुसरं, विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निकाल देणारे अधिकारी. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ वेस्टला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा बिल्डिंगच्या अ‍ॅनेक्समध्ये. फी नाही, वकील लागत नाही, चालतच नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी लिहायचं, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर लोकपालांकडे जायचं, एका वर्षाच्या आत. त्यांनी दिलेला निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारीचं पत्र मी आत्ताच पाठवलंय.

आईला संध्याकाळी सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे ग, पोचले ना मी." पोचली, रात्री साडेबारा वाजता, लेकरू झोपलेलं. गोधडी तिने तशीच हळूच अंगावर घातली. मी नाही जाऊ देणार.

लोकपालांकडे कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज इनबॉक्समध्ये सांगा, सुनावणीला काय विचारतात, आईला यावं लागेल का. पॉलिसी, दोन्ही तिकिटं, नो-शो सर्टिफिकेट, आजचा मेल सगळं फाईलला लावलंय. चाचांची चिठ्ठी सगळ्यात वर.