‘माझी संमती नाही’ म्हटल्याने पोलीस परत जात नाहीत

आत्याने ‘पोलीस दारात आले तर काय करायचं’ असा फिरणारा एक फॉरवर्ड वहीच्या कागदावर उतरवून दाराच्या आतल्या बाजूला, गॅसवाल्याच्या नंबरखाली चिकटवलाय. ती एकटी राहते. कागदावर लिहिलंय: ‘वॉरंट नसेल तर कडी काढू नका. माझी संमती नाही म्हणा, पोलिसांना परत जावंच लागतं.’ हे वाचून माझं डोकंच फिरलं.

घरमालकाच्या संमतीचं एवढं महत्त्व अमेरिकेतल्या कायद्यात आहे. आपल्याकडे झडती तुमच्या हो-नाहीवर ठरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, १६५) सरळ सांगतं: तपासाला लागणारी वस्तू घरात आहे असं मानायला सबळ कारण असेल आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होणार असेल, तर तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. आरोपी आत लपला असेल तर कलम ४४ आहे. ओळख आणि कारण सांगूनही दार उघडलं नाही, तर पोलीस ते तोडू शकतात. आत्याने कडी लावून वाद घालायचा, आणि मग सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा अंगावर घ्यायचा?

त्या फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. १८५ खाली अधिकाऱ्याने कारणं आणि हवी असलेली वस्तू आधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहायची असते. ती न लिहिता घेतलेली झडती बेकायदा, असं सुप्रीम कोर्टाने १९५९ साली रेहमान खटल्यात म्हटलं आणि झडती अडवणाऱ्याला सोडलंही. पण डायरीत काय लिहिलंय हे दारात उभं राहून कळत नाही, ते कोर्टात कळतं.

‘एकदा दार उघडलं की सगळ्या घराच्या झडतीला संमती’ हेही खोटं. दार उघडणं म्हणजे दार उघडणं, बस.

‘सूर्यास्तानंतर पोलीस घरात येऊ शकत नाहीत’ हा घोळ आहे. तो नियम बाईच्या अटकेचा, घरात येण्याचा नाही.

आत्याचा कागद मी काढला. तिथे आता नवा आहे, मोठ्या अक्षरात: कुठलं ठाणं? काय शोधताय? परिसरातले दोन पंच कुठे आहेत? व्हिडिओ चालू आहे ना? जप्तीच्या यादीची प्रत द्या. आणि खाली, लाल पेनाने: झडतीच्या नोंदी ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे जातात, अर्ज केला की नक्कल फुकट मिळते.