तळपाय आणि नखंही बघा की

मेलानोमावरच्या (म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर) लेखात सगळा भर ऊन आणि गोरी कातडी यावर दिलाय, चूक नाही पण अर्धंच आहे ते. सावळ्या-काळ्या लोकांना हा कॅन्सर होतो कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली, जिथे ऊन फारसं लागतच नाही, तिथे सनस्क्रीनचा काय संबंध! गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता, १९७७ ला कळलं आणि १९८१ ला ३६ व्या वर्षी गेला बिचारा.

नखात उभी काळपट रेघ दिसली की लोक म्हणतात काहीतरी लागलं असेल, पण मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं, ही रेघ मुळापासून तशीच राहते, रुंद होत जाते, कधी बाजूच्या कातडीवरही रंग उतरतो. (प्रत्येक रेघ कॅन्सर नसते हां, सावळ्या लोकांत साधी रेघ बऱ्याच जणांना असते, पण एकाच नखाला नवीन आली असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवाच.)

आणि तीळ ६ मिमीपेक्षा मोठा असला तरच संशय घ्यायचा, हे माप धरून बसू नका, मेलानोमा त्याहून लहानही सापडतो, तीळ बदलतोय का ते महत्त्वाचं. मेलानोमाची जाडी १ मिमीच्या आत असली तर बहुतेकदा नुसतं कापून काम भागतं.