औलीत बर्फ नव्हता, आणि ते आम्ही तुम्हाला सांगितलं नाही

नमस्कार मॅडम,

उत्तराखंडातल्या औलीच्या आमच्या सहलीला तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, "बर्फ दाखवतो म्हणून नेलं आणि वाळलेलं गवत दाखवलं." नौपाड्यातल्या आमच्या सहल कंपनीच्या ऑफिसात मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. रोपवे बंद असल्याचं औलीच्या खालच्या गावाला, जोशीमठला, पोचल्यावर कळलं, पत्रकात छापलेली कृत्रिम बर्फाची यंत्रं दिसलीसुद्धा नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रायव्हरने गाडी वर न्यायला नकार दिला, हेही तुम्ही लिहिलंय. ड्रायव्हरची गोष्ट सोडली तर बाकी सगळ्यात चूक आमची आहे.

आधी बर्फाचं बोलतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही फोन करून स्पष्ट विचारलं होतंत, "आत्ता बर्फ आहे का?" आमच्याकडून "हो, आहे" असं उत्तर गेलं आणि मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेला. फोटो औलीचाच होता, पण २०२२ च्या फेब्रुवारीतला. त्याच दिवशी जोशीमठच्या आमच्या माणसाचा निरोप आला होता की झाडांच्या सावलीत थोडा आहे, उतारावर नाही. तो निरोप दुसऱ्याच फोनमध्ये पडून राहिला. फोनवर बोलणाऱ्या सहकाऱ्यांना दोष देणार नाही. चौकशी आली की आधी जोशीमठला फोन करायचा, ही पद्धत मी ऑफिसात घालूनच दिली नव्हती. "मुद्दाम लपवलं" असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. तसा हेतू नव्हता, पण मुलासाठी थर्मल आणि हातमोजे घेऊन एवढा प्रवास केलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

तुम्ही जोडलेला मुलाचा फोटो मी मोठा करून पाहिला. देवदारांच्या सावलीत उरलेल्या हातभर पट्ट्यात तो गुडघे टेकून बसलाय आणि हातमोज्याने खरवडतोय. वर पापडासारखा कडक थर, त्याखाली जाड साखरेसारखा भुसभुशीत बर्फ आणि त्याच्याही खाली पिवळं गवत. ताजा पडलेला बर्फ असा नसतो. दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असे बरेच दिवस गेले, मधे नवा बर्फ पडला नाही, की तो असा दिसतो. हे ओळखणारा माणूस आमच्याकडे आहे. म्हणूनच तुम्हाला आधी कळवता आलं असतं.

यंदा असं का झालं तेही सांगायला हवं, कारण हा रिव्ह्यू वाचून अनेकजण आता विचारतायत की औलीला जावं की नाही. आपला पाऊस जसा नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर, तसा तिकडचा बर्फ पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. हे कमी दाबाचे पट्टे भूमध्य समुद्राकडून येतात आणि हिमालयाला अडून बर्फ टाकतात. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये जोरदार विक्षोभ जवळजवळ आलेच नाहीत. गुलमर्गचे उतारसुद्धा जानेवारीच्या मध्यापर्यंत उघडे होते. जानेवारी संपता संपता हवा पालटली आणि बर्फ पडला. तुम्ही १० तारखेला तिथे होता.

त्यात औली लहान. स्कीइंगचा उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे सुमारे १,९०० मीटरवरच्या जोशीमठात पाऊस आणि औलीच्या माथ्यावर बर्फ असं नेहमी होतं. खालच्या टप्प्यात मात्र बर्फ लवकर विरतो. औलीचा उतार म्हणजे बुग्याल, गवताळ कुरण. खडक नसल्यामुळे दाबून बसलेला फूटभर बर्फ असला तरी शिकाऊ माणसाला स्की घालून उतरता येतं. पण हा फूट दाबलेल्या बर्फाचा हवा. ताजा भुरभुरीत बर्फ दहा सेंटिमीटर पडला, तर त्यात पाणी जेमतेम एक सेंटिमीटर असतं आणि बुटाखाली तो पार बसून जातो. "काल रात्री चार इंच पडला" म्हणजे उद्या स्कीइंग होईलच असं नाही.

कृत्रिम बर्फाची ओळ आम्ही पत्रकातून काढून टाकली. जानेवारी २०११ मध्ये औलीला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्या निमित्ताने तिथे यंत्रं आणि पाण्यासाठी तळं अशी सोय उभी राहिली, हे खरं आहे. पण असा बर्फ बनवायला भरपूर पाणी, कोरडी हवा आणि शून्याच्या दोन-तीन अंश तरी खाली तापमान लागतं. ती चालवणं आमच्या हातात नाही. जे आपण देऊ शकत नाही ते पत्रकात छापायला नको होतं.

रोपवेचं मनाला सगळ्यात जास्त लागलं. जोशीमठात जमीन खचू लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे बंद झाला. तुमच्या सहलीच्या वेळी त्याला एक वर्ष झालं होतं. आमच्या माहितीपत्रकात ते होतं, पण शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात. आणि तुम्ही बुकिंगच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतंत, "आईंचे गुडघे दुखतात, रोपवेत बसवून वर नेता येईल ना?" तो फॉर्म आत्ता माझ्यापुढे आहे. प्रश्नाखाली आमच्याकडून नुसती बरोबरची खूण आहे. उघड्या चेअर लिफ्टवर, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या खुर्चीवर, चढणं-उतरणं आईंना जमणारं नव्हतं, म्हणून त्या तीन तास गाडीत बसून राहिल्या. आमच्या टूर लीडरने सांगितलं की त्यांनी शाल डोक्यावरून घेतली होती, दोनदा चहा घेतला आणि प्रत्येक वेळी "पोरं आली का?" एवढंच विचारलं. मॅडम, याबद्दल मी आईंची मनापासून माफी मागतो.

ड्रायव्हरबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. बर्फ पडलेला नसतानाही त्या रस्त्यावर धोका असतो. दिवसा वितळून रस्त्यावर आलेलं पाणी रात्री सावलीच्या वळणांवर गोठतं. खालचं डांबर दिसतं, त्यामुळे रस्ता नुसता ओला वाटतो, पण वर काच पसरलेली असते. आठजण गाडीत असताना तो सकाळी सातला निघाला नाही, ऊन रस्त्यावर येईपर्यंत दहा वाजेपर्यंत थांबला. तुमचे तीन तास गेले, याचं वाईट वाटतं. तरी पुढच्या वेळीही मी त्याला थांबायलाच सांगेन.

आता आम्ही काय केलं ते. आमच्या माणसाने औलीला बांबूच्या दोन काठ्या रोवल्यात, एक चेअर लिफ्टच्या खालच्या टोकाशी आणि एक वर. दर दहा सेंटिमीटरवर लाल पट्टा आहे. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दोन्ही काठ्यांचा त्याच दिवशी काढलेला फोटो येतो आणि आमच्या पेजवर तारखेसह सगळ्यात वर लागतो. सोबत चेअर लिफ्ट, रोपवे आणि रस्ता यांची त्या दिवसाची स्थिती असते. वरच्या काठीपाशी बर्फ तीस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर "स्कीइंग" हा शब्द आम्ही वापरणार नाही. निघायच्या सात दिवस आधीही तशीच स्थिती असली, तर तारीख बदलायचे पैसे घेणार नाही. कोरड्या हिवाळ्यात तिथून ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर स्वच्छ दिसतं, गोरसन बुग्यालपर्यंत चालत जाता येतं, आणि ते फार सुंदर आहे. ज्याला तेवढ्यासाठी जायचंय त्याने जरूर जावं. पण बर्फासाठी पैसे भरलेल्या माणसाला हे पर्याय म्हणून पुढे करणार नाही.

तुम्ही सहलीचे सगळे पैसे परत मागितलेत. गाडी, राहणं, जेवण यांचा खर्च झालेला असल्यामुळे तेवढं जमणार नाही. मात्र स्की प्रशिक्षण आणि बूट-स्कीच्या भाड्यापोटी घेतलेली चौघांची पूर्ण रक्कम परत करतोय. आईंचे पूर्ण सहलीचे पैसेही परत करतोय, कारण रोपवे बंद आहे हे सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना नेलंच नसतं. बँकेचा तपशील कृपया इथे लिहू नका, पावतीवरच्या ऑफिसच्या नंबरवर कळवा. तुम्ही कळवलंत की त्याच दिवशी रक्कम पाठवतो.

आणि परवाच्या शनिवारच्या फोटोत वरच्या काठीचे चार पट्टे बर्फाखाली गेलेत. तो फोटो मुलाला पाठवू की नको, हे ठरवता येत नाहीये. तुम्ही सांगाल तसं करतो.