सोलापूरकर यांस: घन्नूशी, खोमेनी आणि माझा चुकलेला शब्द

नमस्कार सोलापूरकर,

ट्युनिशियाच्या एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाचे नेते राशिद घन्नूशी यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा काही मुद्दे पटले. म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

लेखात मी त्यांना 'हद्दपार' म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं: या माणसाला कुणी हद्दपार केलंच नव्हतं, तो आपणहून गेला. लंडनमध्ये राहून लोकशाहीची भाषा शिकला, पण दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. इराणचे धर्मगुरू खोमेनीही असेच विमानातून उतरले होते, आणि मी भाबडेपणाने एका कट्टर माणसाची आरती ओवाळली.

आधी खोमेनी, कारण ती तुलना वरवर फारच जुळते. ते १ फेब्रुवारी १९७९ला पॅरिसहून तेहरानला आले, घन्नूशी ३० जानेवारी २०११ला लंडनहून ट्युनिशियाची राजधानी ट्यूनिसला. दोन्हीकडे विमानतळावर हजारो माणसं. ट्यूनिसला तर लोक 'तलअल बद्रु अलैना' गात होते. पैगंबरांचं मदिनेत स्वागत झालं तेव्हाचं मानलं जाणारं हे गीत. शंका यावी असंच दृश्य. ती तिथल्या लोकांनाही आली, त्याच गर्दीच्या कडेला काही जण धर्मसत्तेविरुद्ध फलक धरून उभे होते.

पण विमानतळाच्या पुढे चला की! खोमेनींनी वर्षाच्या आत अंतिम सत्ता धर्मगुरूच्या हाती देणारी राज्यघटना करून घेतली. घन्नूशींच्या एन्नाहदा पक्षाला ऑक्टोबर २०११मध्ये २१७पैकी ८९ जागा मिळाल्या, तो सर्वात मोठा पक्ष ठरला. आणि मार्च २०१२मध्ये त्यांनी जाहीर केलं की घटनेत शरियाचा उल्लेख आणणार नाही. २०१३मध्ये शुक्री बलईद आणि मोहम्मद ब्राहमी या विरोधी नेत्यांचे खून झाले, देश रस्त्यावर आला. तेव्हा घन्नूशी पॅरिसला जाऊन बेजी काइद एस्सेब्सींना, म्हणजे आपल्या सर्वात मोठ्या राजकीय वैऱ्याला भेटले. जानेवारी २०१४मध्ये नवी घटना मंजूर झाली आणि एन्नाहदाने सरकार सोडलं. इजिप्तमध्ये इस्लामवादी राष्ट्राध्यक्ष मुर्सींना लष्कराने हटवलं ते बघून घाबरले, असं तुम्ही म्हणाल. घाबरलेच असतील. भीतीने का होईना, खुर्चीवरून उठून जाणारे पुढारी मी फार पाहिलेले नाहीत.

आता तुमची बाजू. २०१२मध्ये त्यांचा एक व्हिडिओ फुटला होता. त्यात ते सलफी, म्हणजे कडव्या मूळ-इस्लामवादी, तरुणांना सांगतात की लष्कर आणि पोलीस अजून आपल्या हातात नाहीत, धीर धरा. समर्थक म्हणतात, ते माथेफिरूंना शांत करत होते. मला ते पूर्ण पटत नाही. सलफींशी एन्नाहदा फार काळ मऊ वागली, हे खरंच. त्यांचे जावई परराष्ट्रमंत्री झाले, तेही खरं. वारसाहक्कात मुलामुलींना समान वाटा द्यायचा, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या एस्सेब्सींचा प्रस्ताव २०१८मध्ये आला, त्यालाही याच पक्षाने विरोध केला. आणि २०१४च्या ज्या घटनेचं मी कौतुक केलं, तिने विवेकस्वातंत्र्य दिलं, कुणाला धर्मभ्रष्ट ठरवण्यावर बंदी घातली, पण राष्ट्राध्यक्ष मुस्लिमच असावा ही अटही तिच्यातच होती. ते मी लिहिलं नव्हतं. तुम्ही पकडलंत.

तरी पोटात काय आणि ओठांवर काय याचा निवाडा करणारा मी कोण? सत्ता हातात असताना काय केलं आणि हातातून गेल्यावर काय केलं, एवढंच मला दिसतं. २५ जुलै २०२१च्या रात्री अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. घन्नूशी तेव्हा सभापती, वय ८०. पहाटे ते बार्दोच्या संसदभवनापाशी गेले. फाटकाला कुलूप, आत लष्कर. उपसभापती समीरा शवाशी जवानाला सांगत होत्या की आम्ही घटनेच्या रक्षणाची शपथ घेतली आहे, आणि तो सांगत होता की आम्ही देशाच्या रक्षणाची. मग हे म्हातारबाबा गाडीतच बसून राहिले. कित्येक तास. कट्टर इस्लामवादी पुढारी बंद संसदेच्या दाराशी ताटकळत बसलाय, हे चित्र तुमच्या सिद्धान्तात कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

एप्रिल २०२३मध्ये त्यांना अटक झाली ती एका विधानावरून: एन्नाहदा नसलेला, डावे नसलेला ट्युनिशिया म्हणजे यादवीचं आमंत्रण, अशा अर्थाचं. त्यात डाव्यांचं नाव होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. शिक्षांवर शिक्षा झाल्या, फेब्रुवारी २०२५मध्ये एका खटल्यात २२ वर्षांची. वयाच्या ८३व्या वर्षी!

राहिला 'हद्दपार'. इथे तुम्ही बरोबर आहात. पहिले राष्ट्राध्यक्ष बुर्गीबा यांच्या काळात घन्नूशींना १९८१ला ११ वर्षांची शिक्षा झाली, १९८४ला सुटले, १९८७ला जन्मठेप. बुर्गीबांना तर फाशीच हवी होती. त्याच नोव्हेंबरात पंतप्रधान बेन अलींनी बुर्गीबांना हटवलं म्हणून मान वाचली, पुढच्या वर्षी सुटकाही झाली. १९८९च्या निवडणुकीत एन्नाहदाला मान्यता नव्हती, तिची माणसं अपक्ष लढली, आणि १४१च्या १४१ जागा सत्ताधारी पक्षाला गेल्या. मग घन्नूशी देश सोडून अल्जीरियाला गेले, पुढे लंडनला पोचले. कुणी हुकूम काढून सीमेपार सोडलं नव्हतं. पण १९९२ला ट्यूनिसच्या न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत पुन्हा जन्मठेप दिली, तेव्हा परत जाणं म्हणजे थेट तुरुंग. ही २२ वर्षं 'आपणहून' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडे यासाठी 'परागंदा' हा नेमका शब्द आहे, तो मला तेव्हा सुचायला हवा होता. 'हद्दपार' लेखात दोनदा होता, एकदा शीर्षकातच. दोन्ही जागी बदललाय. राष्ट्राध्यक्षपदाच्या अटीचं वाक्यही आज घातलं आहे.