जिन्याखालचा फळा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारी एक फळा आहे. पूर्वी त्यावर मोटार सुरू करण्याची वेळ आणि देखभालखर्च थकवणाऱ्यांचे फ्लॅट क्रमांक एवढाच मजकूर असे व तो सर्वजण आवडीने वाचत. गेल्या वार्षिक सभेत सेक्रेटरी "चिटणीस या नात्याने" असे म्हणाले आणि मला राहवले नाही. चिटणीस, फडणीस या शब्दांमधला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात लिहिणारा, असे मी उभा राहून सांगितले. "मग लिहायचं काम आजपासून तुमच्याकडेच," असे म्हणून सेक्रेटरींनी खडूची पेटी माझ्या हाती दिली आणि सभेने टाळ्या वाजवल्या. रोज सकाळी फळ्यावर एक ज्ञानकण लिहिण्याची ही नेमणूक बिनपगारी आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, बिनमुदतीची होती.

पगारावरून आठवले. पहिल्याच आठवड्यात मी लिहिले की पगार, चावी, बटाटा आणि तुरुंग हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. मजकूर निरुपद्रवी आहे अशी माझी समजूत होती. वॉचमनने तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि विचारले, "काका, पगार लांबून आला हे कळलं, पण दर महिन्याला तिथूनच येतो का?" त्याचे दोन महिन्यांचे पैसे बाकी असल्याचे मला तेव्हा समजले. सेक्रेटरींनाही ते समजले, म्हणजे त्यांना आधीपासूनच ठाऊक होते. मी मुद्दाम फळ्यावरून त्यांची अब्रू काढली असे मात्र त्यांनी त्या दिवसापासून धरून ठेवले.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिला माझ्या लेखनात रस होता, परंतु ती प्रत्येक मजकुराखाली चार पर्याय लिहून जाई आणि त्यांतले तीन चुकीचे असत. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या निम्म्या लोकांना हमखास चुकीचाच पर्याय लक्षात राहिलेला असे.

खरा प्रसंग ओढवला तो अजिंक्यताऱ्यावरून. साताऱ्यात राहून किल्ल्याविषयी लिहायचे नाही हे शक्य नव्हते, कारण आमच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालतानाही तो समोर असतो. औरंगजेबाने स्वतः डिसेंबर 1699 मध्ये किल्ल्याला वेढा घातला, एप्रिल 1700 मध्ये किल्ला पडला आणि शहजाद्याच्या नावावरून त्याचे 'आझमतारा' असे नामकरण झाले, इतके तीन ओळींत बसवून मी चहाला वर गेलो. कप तोंडाला लावतो तोच खालून हाक आली. तळमजल्यावरचे निवृत्त सुभेदार फळ्यासमोर सावधान स्थितीत उभे होते आणि त्यांचे बोट 'पडला' या शब्दावर होते.

"साहेब, हे पुसा. किल्ला पडला न्हाई, सोडला."

मी तारखांचा आधार घेतला, तेव्हा त्यांनी मला मोटारीच्या चौथऱ्यावर बसवून सगळा वेढा ऐकवला. प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने किल्ला कसा लढवला, मंगळाईच्या बुरुजाखाली मोगलांनी पेरलेला सुरुंग उलटून त्यांचीच माणसे ढिगाऱ्याखाली कशी गाडली गेली आणि मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाल्यावरच किल्ला देण्याची वेळ कशी आली, हे सर्व त्यांनी खडूच्या तुकड्यांचे मोर्चे मांडून दाखवले. औरंगजेबाचा तंबू म्हणून माझी चष्म्याची डबी कामी आली. वाईट एवढेच वाटले की त्यांचे म्हणणे बरोबर होते. "रोज सकाळी उठून त्याच्याकडं बघायचं आसतंय आपल्याला," ते म्हणाले, "त्यो वाचत आसंल." मी 'पडला' पुसून 'सोडला' लिहिले. त्यांनी लगेच 'पुढे ताराराणींच्या फौजेने परत घेतला' हेही सांगितले आणि ते लिहिण्यासाठी मला मोटारीची वेळ पुसावी लागली. त्या दिवशी मोटार कोणीच सुरू केली नाही, त्यामुळे दुपारी बाराला सगळ्या इमारतीचे नळ कोरडे पडले आणि त्याचा दोष अर्थातच इतिहासाला मिळाला.

त्यानंतर मी वादाचा इतिहास सोडून स्वयंपाकघराकडे वळलो, ही माझी सर्वांत मोठी चूक. आषाढी एकादशीच्या सकाळी मी लिहिले की साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, तसेच बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली असून 1492 नंतरच ती समुद्र ओलांडून इकडे आली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दर एकादशीला आमच्याकडे वाटीभर खिचडी पाठवतात. त्या दिवशी त्या वाटी घेऊन जिना उतरत असताना फळ्यापाशी थांबल्या. मी दारातच उभा होतो.

"म्हणजे इतकी वर्षं मी उपवासाला काय खात होते?" त्यांनी विचारले.

"खिचडीच," मी म्हणालो, "फक्त ती…"

वाक्य पुरे होण्याआधी वाटी आल्या वाटेने वर गेली. दुपारी बायकोने माझ्यापुढे भगर वाढली आणि "देशी आहे, खा," एवढेच म्हणाली. भगरीवरची आमटी शेंगदाण्याची होती, हे मला पहिल्या घासालाच कळले होते; पण घरात मी सहसा ज्ञानकण लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी चिठ्ठी पाठवली. 'उद्या टाकी धुणार. पाणी 11 ते 4 बंद. इतकेच लिहावे. इतकेच.' दुसरे 'इतकेच' अधोरेखित होते. मी सुवाच्य अक्षरांत इतकेच लिहिले. तरी फळ्यावर खाली चार बोटे जागा उरली. इंग्रजीतला 'टँक' हा शब्द आपल्या टाक्यावरून गेला की पोर्तुगीज भाषेतल्या अशाच एका शब्दावरून, यावर कोशकारांमध्ये अजून एकमत नाही, आणि एवढे वाक्य बारीक अक्षरात चार बोटांत सहज बसते. मी जिन्याकडे पाहिले. कोणी येत नव्हते. खिशात खडूचा एक तुकडा होता, तोच सुभेदारांनी मंगळाईचा बुरूज म्हणून वापरलेला.